आकाशातील श्रमिकांची नोंद

जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून विमान थेट बंगळुरूला आणले. देशभर त्यांचे कौतुक झाले, आणि ते रास्तच होते. मात्र या पराक्रमाची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. ध्रुवप्रदेशात भूचुंबकीय क्षेत्राचे कवच दुबळे असते. तेथे उंचावरून उडणाऱ्यांवर विश्वकिरणांचा मारा अधिक होतो.

हे किरण भारतीय विज्ञानाला परके नाहीत. व्हिक्टर हेस यांनी १९१२ साली बलूनमधून वर जाऊन त्यांचा शोध लावला. वातावरणात त्यांच्यापासून कणांचा वर्षाव कसा होतो, याचा सिद्धांत १९३७ साली डॉ. होमी भाभा यांनी हाइटलर यांच्यासह मांडला. हे शास्त्र घडविण्यात ज्या देशाचा वाटा आहे, त्याने आपल्या विमान कर्मचाऱ्यांच्या बाबतीत मागे का राहावे?

विमानाचा पत्रा हे किरण अडवू शकत नाही आणि शिशाचे अस्तर लावले तर विमान उडणारच नाही. उपाय उरतो तो मोजदादीचा आणि उड्डाणांच्या न्याय्य वाटपाचा. मार्ग, उंची व सूर्याची स्थिती यांवरून प्रत्येक उड्डाणातील मात्रा गणिताने काढता येते. युरोपीय संघाने १९९६ च्या निर्देशातच वर्षाला १ मिलिसीव्हर्टहून अधिक मात्रा संभवणाऱ्या कर्मचाऱ्यांचे मूल्यमापन बंधनकारक केले. प्रवाशाने घाबरण्याचे कारण नाही. प्रश्न वर्षानुवर्षे उडणाऱ्यांचा आहे.

त्यातही गर्भवतीचा प्रश्न सर्वांत नाजूक. गर्भासाठीची १ मिलिसीव्हर्टची मर्यादा उत्तरेकडील लांब पल्ल्याच्या पंधराएक उड्डाणांत गाठली जाऊ शकते. परंतु जमिनीवरील काम म्हणजे उड्डाणभत्त्यावर पाणी, असे समीकरण असेल तर कोणती हवाई सुंदरी आपली अवस्था वेळेत सांगेल? मातृत्वाचा गौरव भाषणांत पुष्कळ होतो. येथे तो वेतनपत्रकात दिसला पाहिजे.

अणुऊर्जा क्षेत्रातील कामगारांच्या मात्रांची राष्ट्रीय नोंद भाभा अणुसंशोधन केंद्रात ठेवली जाते. विमान कर्मचाऱ्यांची नोंदही अशीच सरकारी छत्राखाली असावी. किंगफिशर २०१२ साली थांबली, जेट एअरवेज २०१९ साली. कंपनीच्या कपाटातील कागद कंपनीबरोबरच जातात. किरणांचा परिणाम मात्र वीस-वीस वर्षांनीही प्रकट होऊ शकतो. म्हणून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ही नोंद स्वतःच्या देखरेखीखाली घ्यावी आणि तिची प्रत दरवर्षी कर्मचाऱ्याच्या हाती द्यावी.