अर्थ पाठ, उपयोग बाद

लातूर आणि नांदेड येथील अभ्यासिकांत पहाटेपासून रात्रीपर्यंत स्पर्धा परीक्षांच्या तयारीत गढून गेलेला जो तरुणवर्ग दृष्टीस पडतो, त्याच्या हाती इंग्रजी वाक्प्रचार आणि त्यांचे मराठी अर्थ यांची एक यादी हमखास असते. ज्याच्या घरी इंग्रजी कधी कानावर पडली नाही, त्याने या यादीचा आश्रय घ्यावा यात गैर काहीच नाही. तेवढ्यावरच त्याने संतुष्ट राहावे, हे मात्र गैर आहे.

‘किक द बकेट’ या प्रयोगासमोर ‘मरण पावणे’ असा अर्थ दिलेला असतो, आणि तो खोटाही नाही; परंतु त्यावर विसंबून एखाद्या नवनियुक्त कारकुनाने साहेबांच्या पितृनिधनाबद्दलच्या सांत्वनपत्रात तो योजिला, तर ‘आपले वडील गचकल्याचे कळून दुःख झाले’ असे मराठीत लिहिण्याइतकाच अनर्थ ओढवेल. मुसळधार पावसासाठी शिकविला जाणारा ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ हाही बोलण्यातला, आणि आता बराच जुनाट झालेला प्रयोग. अतिवृष्टीच्या सरकारी अहवालात त्याला थारा नाही.

आपल्या मराठवाड्यास तरी हे औचित्य नव्याने सांगावे लागू नये. १९४८ पर्यंत निजामाच्या अमलात कचेरी, अदालत आणि वरचे शिक्षण यांचा व्यवहार प्रामुख्याने उर्दूतून चाले. अर्ज-फिर्यादींच्या आणि तारखा-पेशींच्या निमित्ताने ज्यांनी ती भाषा ऐकली, त्यांना तिचा कोणता शब्द हाकिमासमोर शोभतो आणि कोणता बाजारात, हे कोणत्याही यादीवाचून उमगले.

राज्य लोकसेवा आयोगाच्या संयुक्त परीक्षेच्या अभ्यासक्रमातही वाक्प्रचारांचा अर्थ आणि उपयोग अशी दोन्ही अंगे अभिप्रेत आहेत. तथापि बहुपर्यायी प्रश्नात अर्थ विचारणे सुलभ असल्यामुळे उपयोग मागे पडतो, आणि जे विचारले जात नाही ते शिकवणीवर्गांतही शिकविले जात नाही. म्हणून शिक्षकांनी वाक्प्रचार थोडे शिकवावेत, परंतु प्रत्येक वाक्प्रचार कोणी, कोणास आणि कोणत्या प्रसंगी उच्चारावा हे सोदाहरण सांगावे; आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी उतारा देऊन त्यातील योग्य-अयोग्य प्रयोग ओळखावयास लावावे. दोहोंपैकी दुसरी सुधारणा आधी व्हावयास हवी, कारण आपल्याकडे प्रश्नपत्रिका बदलल्याखेरीज अध्यापन बदलत नाही.