सहानुभूतीची अट

रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागाचे सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळाले आणि सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. वडील गेले म्हणून दहा दिवसांसाठी मुंबईहून गावी आलेला आनंद, लग्नाचा तगादा सोसणारा त्याचा शेतकरी बालमित्र बाळ्या आणि मुलाला पुरते ओळखून असलेली आई, एवढ्यांभोवती तो फिरतो. पार्श्वसंगीत नाही, कोणी कोणाला व्याख्यान देत नाही. आनंद आधी वडील गमावलेला मुलगा आहे, भावकीच्या प्रश्नांनी कावलेला तरुण आहे आणि त्याचबरोबर समलिंगी आहे. आपल्या लोकप्रिय कलाकृतींनी अशा माणसाला इतके साधे जगणे क्वचितच देऊ केले आहे.

आजवर आपण सहानुभूती दिली ती अट घालून. विजय तेंडुलकरांनी १९८१ मध्ये ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आणून स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीची घुसमट मांडली. त्या काळात हे मोठे धाडस होते, आणि तरीही नाटकाच्या नायिकेला, मित्राला, अखेर आत्महत्याच करावी लागते. पुढे ‘जोगवा’ आणि ‘नटरंग’ हे दोन गाजलेले चित्रपट आले. एकात देवीच्या नावाने तायाप्पाला लुगडे नेसायला भाग पाडले जाते, दुसऱ्यात गुणा तमाशासाठी नाच्या होतो. दोघांचीही विटंबना पाहून प्रेक्षक हेलावतो, कारण हे दोघे ‘खरे पुरुष’ आहेत याची खात्री त्याला पहिल्यापासून दिलेली असते. गुणा पैलवान आहे, घरी त्याची बायको आहे. तायाप्पाचे सुलीवर प्रेम आहे. या कलाकृती मोलाच्या आहेत यात शंका नाही. पण ज्याला साडीतच आपले खरे रूप सापडते, त्या जोगत्याच्या किंवा नाच्याच्या वाट्याला हे अश्रू आले असते का? ती खात्री काढून घेतली की आपली करुणा किती उरते, हे तपासण्याची वेळ या चित्रपटांनी आपल्यावर येऊ दिली नाही.

नवी मुंबईतल्या कामोठ्यासारख्या सिडकोच्या वसाहतीत हा प्रश्न चित्रपटगृहापेक्षा घरातल्या टीव्हीसमोर जास्त धगधगतो. वन-बीएचकेच्या हॉलमध्ये रात्री आई-वडील, आजी आणि कॉलेजात जाणारा मुलगा एकाच सोफ्यावर बसलेले असतात. विनोदी कार्यक्रमात कंबर लचकवत, हात नाचवत एक पात्र येते, नायक दचकून मागे सरकतो, ध्वनिमुद्रित हशा वाजतो. वडील खळखळून हसतात. त्या मुलाच्या मनात स्वतःविषयी काही उमगू लागले असेल, तर घरी ते सांगितल्यावर काय होईल याचे उत्तर त्याला त्या हसण्यातच मिळते. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मात्र समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. कायद्याने नाते मानले नाही, तेव्हा आधार उरतो तो घरच्यांचा, आणि घरच्यांचे मत बऱ्याच अंशी याच सोफ्यावर बसून घडत असते.

‘हे सगळे कुटुंबासोबत कसे बघायचे?’ अशी तक्रार केली जाते. त्याच कुटुंबासोबत आपण कट-कारस्थाने, विषप्रयोग आणि सुनेचा छळ महिनोन्‌महिने पाहतो. मुलाला जवळ घेणारी आई पाहणे त्याहून अवघड कसे? दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. नैतिकतेची भाषा सुरू झाली की बंदीची मागणी फार दूर नसते. डिसेंबर १९९८ मध्ये समलिंगी नाते दाखवणाऱ्या ‘फायर’ या चित्रपटावरून मुंबईत चित्रपटगृहांची तोडफोड झाली, तेव्हाही संस्कृतीरक्षणाचेच कारण पुढे केले होते. म्हणून कात्री, बंदी आणि पोलीस तक्रारी या वाटेला कोणी जाऊ नये. विनोदही हवा. पुरुषाने स्त्रीवेश घेण्याला तर आपल्याकडे बालगंधर्वांची थोर परंपरा आहे. पण तिथे प्रेक्षक त्या रूपावर लुब्ध होत, पुरुषातल्या बायकीपणाला हिणवण्यासाठी तो वेश नव्हता. एखादे समलिंगी पात्र स्वतः विनोद करते तेव्हा सगळे त्याच्याबरोबर हसतात. त्याचे असणे हाच विनोद केला की ते एकटे पडते.

भूमिका कोणी करावी, हा वाद तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत यांच्या जीवनावरील ‘ताली’ या २०२३ च्या मालिकेत सुश्मिता सेन यांच्या निवडीवरून झाला. अभिनय म्हणजे परकायाप्रवेश, त्यामुळे जे आहोत तेच साकारावे अशी सक्ती आम्हाला मान्य नाही. मात्र तृतीयपंथी कलाकाराला स्वतःच्या आयुष्यावरची भूमिकाही मिळत नसेल आणि दुसऱ्या भूमिकेसाठी तर कोणी विचारतच नसेल, तर हा युक्तिवाद फक्त प्रस्थापितांच्या सोयीचा ठरतो. कानवडे यांनी स्वतःच्या अनुभवातून लिहिले, म्हणूनच त्यांचा आनंद कुणाच्या दयेवर उभा नाही. मराठी वाहिन्यांनी अशा लेखकांना संहितेच्या टेबलाशी मानधन देऊन बसवावे, चित्रीकरण उरकल्यावर ‘जरा नजर टाका’ म्हणून बोलावू नये. आणि एखाद्या प्रसंगाने आपल्या माणसांचा अपमान होतो असे त्यांनी सांगितले, तर तो प्रसंग बदलण्याचा अधिकारही त्यांच्याकडे असावा.