घाम मुलाचा, व्याज पालकांचे

१/ १९६१ या एका वर्षातील तीन कायद्यांची गाठ पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात पडते. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमाने औद्योगिक वसाहतींचा पाया घातला. शिकाऊ उमेदवार अधिनियमाने चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांसाठी कारखान्याचे दार उघडले. तिसरा कायदा प्राप्तिकराचा. अठरा वर्षांखालील मुलाने कमावलेला पैसा कोणाच्या नावावर मोजायचा, हे तो ठरवतो.

२/ या प्रश्नाचे मूळ मात्र कारखान्यात नसून पेढीच्या वहीत आहे. १९२२ च्या प्राप्तिकर कायद्याखाली व्यापारी आपल्या अज्ञान मुलांना भागीदारीच्या नफ्यात वाटेकरी करीत. एकाचे उत्पन्न अनेक नावांत विभागले की कर घटे. १९३७ च्या दुरुस्तीने ही वाट बंद केली व असा वाटा वडिलांच्या उत्पन्नात जोडण्यास आरंभ झाला.

३/ या तरतुदीला आव्हान मिळाले. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालाजी खटल्यात ती वैध ठरवली. पुढे १९७५ च्या दुरुस्तीने जाळे रुंदावले, आणि १९९२ च्या वित्त अधिनियमाने अज्ञान मुलाचे जवळजवळ सर्वच उत्पन्न आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक, त्याच्या उत्पन्नात जोडले.

४/ त्याच वेळी कायद्याने एक सन्माननीय अपवाद केला: अंगमेहनतीचे काम, किंवा कौशल्य, प्रतिभा वा विशेष ज्ञान यांतून आलेली कमाई मुलाचीच. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये पॅकिंग करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाची मजुरी वडिलांच्या पगारात मिसळत नाही. ती करपात्र मर्यादेपलीकडे गेलीच, तर विवरणपत्र मुलाच्या नावे भरायचे. सही तेवढी पालकाची.

५/ येथवर कायदा न्याय्य आहे. विसंगती पुढच्या पायरीवर दिसते. समजा, त्या मुलाने मजुरीतून साठवलेले ६०,००० रुपये सात टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवले. वर्षाचे व्याज ४,२०० रुपये. हे व्याज मेहनतीचे नव्हे, भांडवलाचे. म्हणून ते पालकांच्या उत्पन्नात जाते. जुन्या करप्रणालीत प्रत्येक मुलामागे १,५०० रुपयांची सूट मिळते. ही रक्कम १९९२ पासून वाढलेली नाही. नव्या करप्रणालीत तीही नाही.

६/ रक्कम लहान आहे, तत्त्व लहान नाही. १९३७ चा संशय बापाच्या भांडवलावर होता. मुलाच्या नावाआड दडलेला पैसा शोधणे हा त्याचा हेतू होता. येथे तर भांडवलच मुलाच्या घामाचे आहे. पेढीवरच्या बापासाठी विणलेल्या जाळ्यात वर्कशॉपमधला पोर सापडला आहे.

७/ करविभागाची बाजूही विचारात घ्यायला हवी. कमाईचा पैसा आणि आजोबांनी दिलेला पैसा एकाच खात्यात मिसळला, तर व्याजाची फोड कशी करायची? १९९२ मध्ये ही अडचण खरी होती. आज मजुरी थेट बँकेत जमा होते आणि प्रत्येक नोंदीचा माग काढता येतो. मजुरीच्या खात्यातूनच उघडलेल्या ठेवीपुरता अपवाद वाढवणे अवघड नाही.

८/ १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू झाला. त्याने भाषा सोपी केली, कलमांचे क्रमांक बदलले. या तरतुदीचा गाभा मात्र जुनाच राहिला. श्रम मुलाचे मानणाऱ्या कायद्याने त्या श्रमांची बचतही त्याचीच मानावी. काटकसर शिकणाऱ्या हातांना राज्याने दिलेला तो पहिला विश्वास ठरेल.