पाणी शुद्ध, पण कुठपर्यंत?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात ‘जीबीएस’ या मज्जातंतूंच्या विकाराने थैमान घातले. धडधाकट माणसांचे हातपाय एकाएकी लुळे पडू लागले, काहींना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागले, आणि महागड्या इंजेक्शनांच्या खर्चाने मध्यमवर्गीय कुटुंबांची झोप उडाली. काही रुग्णांच्या तपासणीत आढळलेला कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू दूषित पाण्यातून व अन्नातून पोटात जातो. साहजिकच नांदेड, किरकटवाडी या भागांच्या पाण्याकडे सर्वांचे लक्ष वेधले.

ही गावे २०२१ मध्ये महापालिकेत समाविष्ट झाली होती. हद्द वाढविण्यास एक आदेश पुरतो. जलशुद्धीकरण केंद्र, जलवाहिन्या आणि मलवाहिन्या उभारण्यास वर्षे लागतात. शिवाय त्या वेळी महापालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हते. २०२२ पासून कारभार प्रशासकाच्या हाती होता. म्हणजे पाण्याबद्दल जाब विचारावा, तर तो कोणाला, हाही प्रश्नच होता. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता हे विषय नगरसंस्थांच्या यादीत घातले. परंतु ज्या संस्थेत नागरिकांचा प्रतिनिधीच नाही, तिच्याकडे विषय सोपविल्याने नागरिकाच्या हाती काय पडते?

तथापि सारा दोष महापालिकेच्या माथी मारून मोकळे होणे, हेही अर्धसत्यच होय. पाणी केंद्रातून शुद्ध होऊन निघाले, तरी घरच्या पेल्यात पडेपर्यंत त्याला लांबचा प्रवास करावा लागतो. आपल्याकडील पुरवठा ठरावीक वेळेचा. पाणी बंद झाले की नळातील दाब उतरतो आणि जेथे जलवाहिनी गळकी असून शेजारून गटार वाहते, तेथे घाण आत शिरते. पुढे ते पाणी सोसायटीच्या जमिनीखालील टाकीत, तेथून गच्चीवरील टाकीत जाते. या टाक्यांची झाकणे तुटलेली असतात, तळाशी गाळ साचलेला असतो, आणि शेवटची सफाई केव्हा झाली हे सेक्रेटरीलाही आठवत नाही. महापालिकेची जबाबदारी मीटरपाशी संपते आणि रहिवाशाची आपल्या दारापाशी सुरू होते. या दोहोंच्या मधल्या पाण्याला वाली उरत नाही.

यावर उपाय अवघड नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावयास हवे. ते आहे की नाही, हे ऑर्थोटोल्युडीनच्या थेंबांनी येणाऱ्या पिवळ्या रंगावरून मिनिटभरात कळते. ग्रामीण महाराष्ट्रात आरोग्यसेवक ही ‘ओटी’ चाचणी वर्षानुवर्षे करीत आले आहेत. खेड्यातील विहिरीला जी तपासणी मिळते, ती शहरातील इमारतीच्या टाकीला का मिळू नये? क्षेत्रीय कार्यालयाच्या आरोग्य निरीक्षकाने टोकाच्या नळाचे पाणी ठरावीक दिवशी तपासावे आणि त्याचा आकडा कार्यालयाच्या फलकावर लावावा. पाणी नापास झाले तर तेही त्याच फलकावर यावे. दडविलेला आकडा रोगाला आवतण देतो.

सोसायट्यांनीही टाकीच्या सफाईची तारीख टाकीवरच रंगवावी. वार्षिक सभेत वाहनतळाच्या जागेवरून तासन् तास वाद घालणाऱ्या सभासदांनी त्यातली पाच मिनिटे टाकीला द्यावीत. आणि साथीची वार्ता येताच पाणी चांगले उकळून प्यावे, भांडे झाकून ठेवावे. ही शिकवण जुनी असली तरी कालबाह्य झालेली नाही.

घरोघरी यंत्रे बसवून सधनांनी आपापली सोय केली. पण ज्यांना यंत्र परवडत नाही, त्यांच्यासाठी नळ हाच एकमेव आधार आहे. सार्वजनिक पाणी विश्वासाने पिता येणे, ही नागरी शासनाची पहिली कसोटी आहे. तीत उतरण्यासाठी पुढच्या साथीची वाट पाहण्याचे कारण नाही.