गाऊट : आधी डाळ शिजवा!

नवी मुंबईहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे पती माथाडी काम करतात, वय 46. दोन वर्षांत चार वेळा मध्यरात्री त्यांच्या पायाचा अंगठा सुजून लालबुंद झाला. अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सोसवेना. दर खेपेला आठ-दहा दिवस घरी, म्हणजे तेवढी मजुरी बुडाली. रक्ततपासणीत युरिक ॲसिड 8.9 निघाले. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून त्यांनी घरात डाळ, पालक, टोमॅटो सारे बंद केले आणि हजार रुपयांची एक 'नैसर्गिक' पावडर सुरू केली. "दोन स्वयंपाक परवडत नाहीत, म्हणून आता मुलांच्या ताटातही डाळ नसते," असे त्या लिहितात.

ताई, आज संध्याकाळी आधी डाळ शिजवा.

सन 2004 मध्ये अमेरिकेतील एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. सुमारे 47 हजार पुरुषांना 12 वर्षे पाहून निघालेला निष्कर्ष असा, की मटण आणि मासळी जास्त खाणाऱ्यांत गाऊट वाढतो. डाळी, वाटाणा, पालक, फ्लॉवर यांनी वाढत नाही. कमी स्निग्धांशाच्या दुधा-दह्याने तर तो कमी होतो. तेव्हा लोणी काढलेले ताक रोज घ्यावे. मुलांचे वरण तोडून वडिलांचा अंगठा बरा होणार नाही.

मग कमी काय करायचे? पहिली दारू. बिअर सर्वांत वाईट, पण गावठी असो की विलायती, कोणतीच सुटत नाही. दुसरे, कलेजी, गुर्दा, सुकट, सुके बोंबील. हे आपल्या घरांत आवडीने खाल्ले जाते, स्वस्तही पडते. पण या रोग्याने ते टाळावे. पायाचे सूप 'सांध्यांना ताकद देते' म्हणून पाजतात. मांस उकळले की त्यातील अपायकारक भाग रश्श्यातच उतरतो, हे ध्यानात घ्यावे. मटण खायचेच तर कधीतरी, दोन फोडी, रस्सा सोडून. तिसरे, गोड कोल्ड्रिंक. उन्हात ओझी वाहणाऱ्याने त्याऐवजी साधे पाणी भरपूर प्यावे. शरीर कोरडे पडले की अंगठा पेटतो. वजन जास्त असेल तर हळूहळू उतरवा. कडक उपासानेही झटका येतो.

आता कटू गोष्ट. युरिक ॲसिड सुमारे 6.8 च्या वर गेले की त्याचे सुईसारखे खडे सांध्यात बसू लागतात. ते विरघळायचे तर आकडा सहाच्या खाली ठेवावा लागतो. काटेकोर पथ्याने तो साधारण एकाने उतरतो. 8.9 मधून एक वजा करा. ताई, हिशेब तुम्हीच बघा. बहुतेक रोग्यांत मुळात मूत्रपिंडच युरिक ॲसिड पुरेसे बाहेर टाकत नाही. यात तुमच्या स्वयंपाकाचा दोष नाही.

म्हणून वारंवार झटके येणाऱ्यास औषध लागतेच. ॲलोप्युरिनॉल ही जुनी व स्वस्त गोळी आहे. डॉक्टर ती थोड्या मात्रेने सुरू करून वाढवतात. सुरुवातीच्या महिन्यांत झटके उलट वाढू शकतात. 'गोळी लागू पडली नाही' म्हणून माणसे येथेच ती सोडतात आणि पुन्हा पावडरीकडे वळतात. तसे करू नये. त्या काळातल्या झटक्यांसाठी डॉक्टर जोडीला दुसरे औषध देतात. मात्र अंगावर पुरळ उठले तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पावडरीविषयी. अशा बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेले आढळते. दोन दिवसांत चमत्कार झाला तर आनंदापेक्षा संशय घ्यावा. फार दिवस घेतली असेल तर एकदम सोडणेही धोक्याचे, म्हणून पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा. वनस्पतीचे म्हणजे निर्धोक, हेही खरे नव्हे. झटक्यावरचे कोल्चिसीन सुरंजानच्या जातीच्या झाडापासूनच मिळते, आणि मात्रा चुकली तर ते जीव घेते. आवळा, लिंबू खुशाल खा. पण सी जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी गाऊटच्या रोग्यांत फारसा फरक पडत नाही. त्यांवर पैसे घालू नका.

झटका आला की मालिश नको, गरम शेक नको. पाय उंचावर ठेवून फडक्यात बर्फ गुंडाळून लावा. मेडिकलवाल्याच्या दुखऱ्या गोळ्या मनाने खाऊ नयेत, मूत्रपिंड बिघडते. ताप व थंडी असेल तर तो सांध्यातला पूही असू शकतो. रात्र काढू नका. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना दाखवा, तिनेही हा आकडा चढतो. ऐन झटक्यात तपासलेले युरिक ॲसिड कधी कधी चांगले दिसते, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावे.

मूत्रपिंडाची तपासणी, म्हणजे क्रिएटिनीन, त्याच वेळी करून घ्या. दोन्ही आकडे पुढच्या पत्रात जरूर कळवा.