आबालाल मोबाइलवर कधी येणार?

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने जानेवारी २०२२ मध्ये रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’चे ७१७ गिगापिक्सेलचे छायाचित्र सर्वांसाठी खुले केले. म्हणजे ७१,७०० कोटी बिंदू! १६४२ सालचे हे चित्र कोल्हापूरच्या राजारामपुरीतला नववीतला मुलगा आज मोबाइलवर मोठे करत करत रंगाला गेलेल्या बारीक तड्यांपर्यंत पोचू शकतो. प्रत्यक्ष संग्रहालयात जाऊन उभे राहिलेल्यालाही तेवढे दिसत नाही. त्याच मुलाला आबालाल रहिमान यांच्या जलरंगातला एखादा फटकारा इतक्या जवळून पाहायचा असेल, तर मात्र तशी सोय नाही.

आबालाल तर त्याच्याच गावचे. जे. जे. स्कूलमध्ये शिकले, शाहू महाराजांच्या दरबारी चित्रकार झाले आणि कोटितीर्थाच्या काठावर राहून निसर्गचित्रे काढत राहिले. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी याच गावात नाटकांचे पडदे रंगवले. परदेशी कॅमेऱ्याचा अभ्यास करून बाबूरावांनी स्वतःचा कॅमेराही इथेच घडवला. एवढे सगळे घडलेल्या कलापुरात चित्रांचे नीट छायाचित्रण व्हायचे राहून गेले आहे.

मुलांपर्यंत ऑनलाइन पोचते ते वेगळेच. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या रेखाकला परीक्षा जवळ आल्या की ‘स्मरणचित्र सोप्या पद्धतीने’ छापाचे व्हिडिओ धडाधड पाहिले जातात. जत्रा, बसस्थानक, भाजीमंडई यांचे तयार साचे मुले पाठ करतात आणि कागदावर उतरवतात. महाद्वार रोडवरची गर्दी रोज पाहणारी मुलगी परीक्षेत भलत्याच गावची मंडई काढून येते. याला स्मरणचित्र म्हणणे धाडसाचे आहे. दोष एकट्या मुलांना देता येणार नाही. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीचे वाढीव गुण मिळतात, तेव्हा पालकही साचाच मागतात.

म्हणून डिजिटल साधने वर्गाबाहेर ठेवावीत असे नाही. घनभूमिती फळ्यावर शिकवताना कलाशिक्षकांची दमछाक होते. जिओजेब्रा या मोफत साधनात घनाकृती बोटाने फिरवली की तिची मागची बाजू दिसते. नक्षीकामातल्या सममितीसाठी क्रिटा हेही मोफत सॉफ्टवेअर चांगले. एका बाजूला काढलेली रेघ दुसऱ्या बाजूला आपोआप उमटते आणि मूल दहा रचना करून नऊ टाकून देऊ शकते. जलरंगाचे मात्र तसे नाही. कागद किती ओला आहे, रंग कधी सोडायचा, ब्रश कधी उचलायचा हे हातानेच कळते. स्क्रीनवर चुकलेला फटकारा एका टिचकीसरशी मागे घेता येतो. कागदावर तो सांभाळून घ्यावा लागतो. निम्मे जलरंग या सांभाळून घेण्यातच असतात.

‘रंगबहार’ संस्थेच्या ‘मैफल रंगसुरांची’त टाऊन हॉलच्या बागेत लोक चित्रकाराच्या खांद्यावरून वाकून पाहतात, ते हे सांभाळून घेणे पाहण्यासाठीच. अशा प्रात्यक्षिकावर वरून एक कॅमेरा रोखला, संपादनाची कात्री न लावता ते पूर्ण चित्रित केले आणि चित्रकाराने कोल्हापुरी बोलीतच ‘इथं पाणी जास्त झालंय’ असे सांगितले, तर राधानगरी-गगनबावड्याच्या शाळांना उसन्या साच्यांपेक्षा कितीतरी उपयोगी सामग्री मिळेल.

जुन्या चित्रांच्या बाबतीत कायद्याचीही आडकाठी नाही. भारतात चित्राचा स्वामित्वहक्क चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. आबालाल १९३१ मध्ये गेले, बाबूराव पेंटर १९५४ मध्ये. दोघांचीही मुदत संपली आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये अशी मुदत संपलेल्या कलाकृतींची पावणेचार लाख छायाचित्रे कोणालाही, कशासाठीही वापरायला देऊन टाकली. कोल्हापूरला सुरुवातीला शंभर चित्रे पुरेत. टाऊन हॉलचे संग्रहालय राज्य सरकारचेच आहे; पहिला कॅमेरा तिथे लावावा, सोबत रंगपट्टी ठेवून खरे रंग टिपावेत आणि प्रत्येक चित्राखाली माध्यम, आकार, साल यांची माहिती मराठीत द्यावी. घराघरांतल्या खासगी संग्रहांची दारे त्यानंतर ठोठावता येतील.