पिशवी कोणाची?

मल्लेश्वरमच्या संपिगे रस्त्याला आठवा क्रॉस जेथे छेदतो, तेथे सकाळच्या प्रहरी फुले विकणाऱ्या बायका अद्यापि माळ हाताने मोजून, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या ‘मोळा’च्या हिशेबाने देतात, आणि मोजणी संपली की गिऱ्हाइकाच्या रिकाम्या हातांकडे पाहून विचारतात, “चीला तंदिद्दीरा?” पिशवी आणली आहे का, एवढाच या प्रश्नाचा अर्थ, परंतु या शहरात निम्म्याहून अधिक आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्या मराठी गृहस्थाला तो प्रश्न गणिताच्या मास्तरांनी गृहपाठाची वही मागावी तसा वाटतो, आणि वही घरी राहिलेल्या मुलाप्रमाणेच मी खाली पाहतो. मग ती बाई इकडेतिकडे नजर टाकून बसायच्या गोणपाटाखालून एक पातळ, पांढुरकी वस्तू काढते, तोंड उघडावे म्हणून ती दोन बोटांत चोळते, आणि कायद्याने दहा वर्षांपूर्वीच जिचे अस्तित्व संपुष्टात आणले आहे अशा त्या वस्तूत माझी माळ विराजमान होते.

पुण्या-मुंबईकडे जिला कॅरीबॅग म्हणतात तिला बंगळुरात ‘कव्हर’ म्हणतात. हा शब्द प्रथम कानी पडला तेव्हा वाण्याने दोन शेर तांदळाबरोबर पोस्टाचे पाकीट का देऊ केले याचा उलगडा मला बराच वेळ झाला नव्हता. पण आता वाटते की या शब्दात सगळ्या प्रकरणाचे मर्म साठवलेले आहे. आवरण हे वस्तूचे असते, पिशवी ही माणसाची असते. केळ्याला साल, लिंबाला साल, तसे टोमॅटोला कव्हर. ते मालाबरोबरच यावयाचे, आणि ते पुरविणे हा विक्रेत्याचा धर्म. याउलट पिशवी ही वहाणांसारखी किंवा छत्रीसारखी गिऱ्हाइकाच्या मालकीची, त्याच्या अंगाखांद्यावर वागविली जाणारी चीज. आपण पिशवी न्यावयास विसरतो याचे कारण आपली स्मरणशक्ती क्षीण झाली हे नसून, कोणे एके काळी या मालकीचे गुपचूप हस्तांतर झाले आणि आपण त्याला हरकत घेतली नाही, हे आहे. वहाणा विसरून बाजारात अनवाणी पोचलेला मनुष्य माझ्या पाहण्यात नाही.

माझ्या लहानपणी, सोलापुरात, विरलेल्या चादरीचा जो तुकडा धड उरे त्याची पिशवी शिवली जाई, आणि ती दाराजवळच्या खुंटीवरून खाली आली की वडील बाजाराला निघाले हे घरातल्या मांजरालाही कळे. बाजाराला जाणे हा त्या काळी एक स्वतंत्र उपक्रम होता. त्यासाठी डब्यातून पैसे मोजून घ्यावे लागत, यादी तोंडपाठ करावी लागे, आणि पैसे व पिशवी या दोहोंपैकी एक जरी राहिले तरी अर्ध्या वाटेवरून परतणे भाग पडे. पुढे वायरची पिशवी आली, जी आत्याने हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांनी विणली होती आणि जी पुढे बंगळुरातही आमच्याबरोबर आली. ती शंभर टक्के प्लॅस्टिकची होती, हे या ठिकाणी नमूद करून ठेवतो, कारण आजच्या हिशेबात तिची गणना शत्रुपक्षात होईल आणि तो तिच्यावर अन्याय होईल. वीस वर्षांत तिचा एक कान तेवढा तुटला. आज आपण बाजाराला ‘जात’ नाही. कचेरीतून परतताना, मुलाला शिकवणीला सोडताना, वाटेत बाजार लागतो, खिशातला फोन काढला की पैसे चुकते होतात, आणि हात रिकामे असणे ही अडचण आहे हे दीड किलो कांदे तराजूतून उतरेपर्यंत ध्यानात येत नाही.

सरकारने या बाबतीत हात राखला असे म्हणता येणार नाही. केंद्राच्या 2011 च्या नियमांनी 40 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्या वर्ज्य ठरविल्या आणि पिशवी फुकट देऊ नये अशीही तरतूद केली. 2016 साली ती मर्यादा 50 वर गेली, सप्टेंबर 2021 अखेर 75 वर, आणि 31 डिसेंबर 2022 पासून 120 वर. कर्नाटक सरकार या चढत्या भाजणीच्या पुढे गेले होते: 11 मार्च 2016 च्या अधिसूचनेने त्याने जाडीचा प्रश्नच मोडीत काढला आणि प्लॅस्टिकची पिशवी, मग ती कितीही जाड असो, सरसकट बंद केली. महाराष्ट्राचे तसेच फर्मान 23 मार्च 2018 रोजी निघाले, आणि त्यामागे 26 जुलै 2005 च्या प्रलयाची, तुंबलेल्या गटारांतून निघालेल्या पिशव्यांच्या ढिगांची स्मृती होती. बंगळुरातही तळ्यांना तळी जोडणाऱ्या राजकालुवे नामक नाल्यांची गत पावसाळ्यात निराळी नसते. कर्नाटकाच्या अधिसूचनेत वापरणाराही वगळलेला नाही. परंतु पंचनामा होताना मी पाहिला आहे तो हातगाडीचा. माल जप्त झाला तो भाजीवाल्याचा. आणि ज्याच्या रिकाम्या हातांनी त्याला त्या अपराधास प्रवृत्त केले तो सद्गृहस्थ शेजारच्या गाडीवर कोथिंबिरीचा भाव विचारीत उभा होता. बहुधा मीच.

याउलट आयर्लंडने मार्च 2002 मध्ये प्रत्येक पिशवीवर 15 सेंट इतका कर बसविला, तो दुकानदाराने सोसावयाचा नसून गिऱ्हाइकाकडून उघडपणे वसूल करावयाचा अशी योजना केली, आणि पिशव्यांचा खप पाहता पाहता नव्वद टक्क्यांच्या आसपास घसरला. माझ्या मते याचे रहस्य रकमेत नसून ती कोणाच्या खिशातून जाते यात आहे. आपल्याकडे मात्र हा प्रयोग भलत्याच वळणावर गेला. 2023 साली बंगळुरातील ग्राहक आयोगाने एका मोठ्या दुकानाला, आपल्या नाममुद्रेची कागदी पिशवी 20 रुपयांना ग्राहकाच्या गळ्यात मारल्याबद्दल, ते पैसे व्याजासह परत करून वर भरपाई देण्याचा हुकूम केला. निकाल न्याय्यच आहे, कारण दुकानाची जाहिरात मी खांद्यावरून मिरवावी आणि त्याचे भाडेही मीच भरावे हे कोणत्या न्यायात बसते? तथापि तो वाचून पिशवी विसरणाऱ्या समस्त वर्गाने सुटकेचा जो निःश्वास टाकला तो मला ऐकू आला, आणि तो काही ग्राहकहक्कांच्या जाणिवेतून आलेला नव्हता.

पिशवी निवडावी कशी, हा प्रश्न मग उरतो, आणि येथे सात्त्विक अभिमानाला थोडा लगाम घालणे इष्ट होईल. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने 2011 साली प्रसिद्ध केलेल्या एका अहवालात असा हिशेब मांडला होता की, एकदा वापरून टाकलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीशी तापमानवाढीच्या निकषावर बरोबरी साधण्यासाठी सुती पिशवी निदान 131 वेळा वापरली पाहिजे. आठवड्यातून एकदा बाजार धरला तर ही अडीच वर्षांची बांधिलकी झाली. म्हणजे दर परिसंवादात आणि दर प्रदर्शनात एकेक नवी सुती पिशवी घेऊन येणारा मनुष्य निसर्गावर उपकार करीत नसून फक्त कपाट भरीत असतो. जी पिशवी कापडासारखी दिसते पण ओढली की तंतू न निघता फाटते, तीही प्लॅस्टिकच असते. दुकानदार तिला निःसंकोचपणे कापडी म्हणतात. तेव्हा घरात असलेलीच पिशवी घ्यावी. तिचा तळ रुंद असावा, नाहीतर वांगी टोमॅटोवर चढतात. बंद इतके लांब असावेत की ती खांद्याला अडकवून स्कूटरची किल्ली काढता यावी. आणि ती धुता यावी, कारण पालकाच्या जुडीतून पाणी गळतेच.

पण याहून महत्त्वाची गोष्ट पिशवीची जागा. माझ्या घरचे निरीक्षण असे की पिशवी बाहेर जाताना राहते हे खरे, पण तिचे राहणे आदल्या खेपेलाच ठरलेले असते: ती भाजीसह स्वयंपाकघरात जाते, ओट्याखाली रिकामी होते, तेथेच तिची घडी पडते, आणि स्वयंपाकघर ही काही घराबाहेर पडण्याची वाट नव्हे. पत्नीने गतसाली चपलांच्या मांडणीलाच एक खिळा ठोकला आणि भाजी निवडण्यापूर्वी पिशवी त्या खिळ्यावर परतली पाहिजे असा दंडक घातला. माझे विसरणे त्यानंतर निम्म्याने तरी कमी झाले. उरलेल्या निम्म्याचा बंदोबस्त स्कूटरच्या डिकीत एक घडी कायमची ठेवून झाला आहे, म्हणजे ती डिकीतून काढून घेऊन परत ठेवावयास विसरेपर्यंत.

खिळ्यावर सध्या जी आहे ती तांबूलाची पिशवी. या प्रांती लग्नाहून परतताना पाहुण्याच्या हाती नारळ, विड्याची पाने व सुपारी घातलेली जी लहानशी पिशवी देतात, तिच्यावर वधूवरांची नावे आणि मुहूर्ताची तारीख छापलेली असते, आणि बंगळुरातल्या कोणत्याही घरी अशा पिशव्यांचा एक तरी गठ्ठा निघतो. बहुतेक एका नारळापुरत्याच असतात. आमची मात्र कोण्या उदार यजमानाची, चांगली रुंद, जाड कापडाची आहे. तिच्यावरील तारीख 2009 सालची, कुंकवाचा रंग आता विटकरी झालेला, आणि वराच्या नावाचे आद्याक्षर धुण्यात गेलेले. परवा त्या फूलवालीने माळ तिच्यात सोडताना ते नाव बोट ठेवून वाचण्याचा यत्न केला आणि मला विचारले, “यार मदुवे?” कोणाचे लग्न? मला काही केल्या आठवेना.